भाड्याच्या १० बाय १२ खोलीत आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, १५ हजारांत काय होईल?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. घरातल्या एका खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करायची आहेत. बहुतेक वेळा एकटा गळा, कधी मागे दोघी-तिघी झील धरायला, पुढेमागे ढोलकी.

खोली १२ फूट लांब, १० रुंद, १० उंच. वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंती ९ इंची विटांच्या. एका १० फुटी भिंतीत रस्त्याकडची लोखंडी खिडकी, ४ बाय ४. समोरच्या भिंतीत फ्लश दरवाजा. आत एक कपाट, टेबल, खुर्ची, बाकी मोकळी. माईक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर.

तक्रारी तीन. टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा आवाज मागे राहतो. खालच्या पट्टीत काही सूर एकदम फुगतात आणि शेजारचे सूर दबतात. तिसरं, रस्त्यावरचे ट्रॅक्टर आणि घरातला कूलर. पंखा-कूलर बंद केला तर एप्रिल-मेमध्ये खोलीत उभं राहवत नाही.

बजेट १५ हजार. मालक दहा-बारा भोकांना हो म्हणतात, त्याहून जास्त नाही. कोणी अंड्यांचे ट्रे सुचवतं, कोणी १ इंची फोम, कोणी म्हणतं भिंतीला चटया लावा. आधी काय घ्यावं?

पांझरा_धुळे

अंड्यांचे ट्रे आधी डोक्यातून काढा, मग पुढचं बोलू.

पहिल्या दोन तक्रारी खोलीच्या आहेत, तिसरी बाहेरची, आणि औषधं वेगवेगळी आहेत. आतला घुमारा जाड, मऊ आणि हवा आरपार जाऊ देणाऱ्या वस्तूनं मरतो. बाहेरचा ट्रॅक्टर जड आणि बिनफटीच्या वस्तूनं अडतो. भिंतीला कितीही रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लादी) लावलं तरी ट्रॅक्टर थांबत नाही, आणि खिडकीवर जाड प्लाय ठोकला म्हणून घुमारा कमी होत नाही. बाहेरच्याबद्दल कोणीतरी लिहीलच, मी आतलं घेतो.

आधी हिशोब. खोली १,२०० घनफुटांची. सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६८० चौरस फूट. प्लास्टर, स्लॅब आणि टाइल्स मिळून आवाजाचा सुमारे ३ टक्केच भाग खातात, म्हणजे शोषण झालं २० चौरस फुटांएवढं. घुमारा विरायला किती वेळ लागतो ते सॅबिनच्या सूत्रानं काढा: ०.०४९ गुणिले १,२०० भागिले २०, उत्तर जवळपास २.९ सेकंद. कपाट, दार आणि आत उभा असलेला माणूस धरला तर प्रत्यक्षात कमी भरेल, पण गळ्यासाठी आपल्याला ०.३ ते ०.४ सेकंदांपाशी यायचं आहे. ०.४ साठी शोषण लागतं १४७ चौरस फूट. आता १ फुटाचे बारा फोमचे तुकडे डोळ्यांसमोर आणा: १२ चौरस फूट, आणि तेही फक्त वरच्या सुरांपुरते.

फोमची खरी खोड हीच आहे. १ इंच जाडीची वस्तू साधारण १,००० हर्ट्झच्या वर नीट काम करते. त्याखालचं, म्हणजे गळ्याचा सगळा भरीव भाग, तसाच घुमत राहतो. सगळ्या भिंती पातळ फोमनं मढवल्या की 'स'-'श'ची धार जाते आणि १०० ते ४०० चा गुबार शिल्लक राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं गोधडीत तोंड घालून गातोय. मग इक्वलायझरवर ट्रेबल वाढवतात आणि आवाज अजूनच चिरका होतो. म्हणून पहिला नियम: थोडं लावा पण जाड लावा. निदान ४ इंच.

आता खालचे सूर का फुगतात? आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,१३० फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी सर्वांत लांब लाट अडकते तिची कंपनसंख्या वेग भागिले अंतराची दुप्पट. १० फुटांना ५६.५ हर्ट्झ, दुसरी पायरी ११३. १२ फुटांना ४७ आणि ९४. तुमचं दुर्दैव असं की रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, त्यामुळे ११३ दोनदा मोजला जातो. पुरुषाचा खालच्या पट्टीतला गळा नेमका ९० ते १५० मध्ये फिरतो. म्हणजे एखादा सूर ११३ वर बसला की खोली त्याच्यासोबत गाते, शेजारचा सूर एकटा पडतो. (आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे ८, त्यानं हा ५६.५ चा आकडा साडेतीन हर्ट्झच्या आसपास इकडंतिकडं होतो. त्यामुळे हिशोब दशांशापर्यंत करत बसू नका.)

पैसे न घालवता होणारी दुरुस्ती म्हणजे जागा बदलणं. खोलीच्या मधोमध माईक ठेवू नका, कारण ९४ आणि ११३ तिथे पूर्ण जोरात असतात. कोपऱ्यात तर मुळीच नको, तिथे सगळेच जोरात. खिडकी रस्त्याकडची आहे, म्हणून गायकाची पाठ दरवाज्याच्या भिंतीकडे करा, त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर उभं करा, आणि रुंदीत मध्यापासून फूटभर डावी-उजवीकडे सरका. मग एकच ओळ चार-पाच जागी गाऊन रेकॉर्ड करा. प्रत्येक वेळी जागा ६ इंच बदला. फरक इतका ऐकू येतो की पुष्कळांना तिथेच निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. कार्डिऑइड माईक समोर ऐकतो, पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. माईकच्या समोर कोण? गायक. गायकाच्या मागे? उघडी भिंत. म्हणजे माईकला दिसते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. तरीही लोक अर्धगोल ढाल विकत घेऊन माईकच्या मागे लावतात. ती गायकाच्या तोंडासमोर येते, त्यामुळे समोरच्या भिंतीकडे जाणारा थोडा आवाज खाते, पण मागून येणारा परतावा तसाच माईकमध्ये शिरतो. तुमचे पहिले चार पॅनेल गायकाच्या पाठीमागे जायला हवेत.

माझी मांडणी अशी. १ मीटर बाय ६० सेंटिमीटरचे, ४ इंच जाड एकूण १२ पॅनेल. गायकाच्या मागे दीड-दोन फुटांवर दोन उभे खांब, प्रत्येकी दोन पॅनेल एकावर एक, इंग्रजी व्ही अक्षरासारखे उघडलेले: हे झाले ४. डावी-उजवीकडच्या भिंतींवर तोंडाच्या उंचीला एकेक: २. गायकाच्या डोक्यावर छताला २. दरवाज्याच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत तिरके, प्रत्येकी दोन: ४. पैसे कमी पडले तर कोपरे पुढच्या महिन्यात, पाठीमागचे ४ मात्र कधीही सोडू नका.

बारा पॅनेल म्हणजे ७७ चौरस फूट. आधीचे २० धरून ९७, वेळ आली ०.६ सेकंदावर. उरलेले ५० चौरस फूट गाद्या, गोधड्या, जमखाना आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांतून मिळवायचे. ते तुमच्या घरात आहेतच.

सूरमळा

चटईचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून: जळगावची प्लास्टिकची चटई भिंतीला लावा किंवा लावू नका, माईकला फरक कळणार नाही. पातळ आहे आणि प्लास्टिक आहे. जमिनीवर जमखाना किंवा जाड सतरंजी दोन पदरी टाका, टाइल्सची चरचर जाते. अंड्यांचे ट्रे कागदी लगद्याचे, ठिणगी लागली की भिंतभर आग. स्वस्त पीयू फोमही पेट घेतो, वितळून ठिबकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. स्विचबोर्ड, एक्स्टेन्शन, दिवा यांच्याजवळ दोन्ही नकोत.

रंधा_करवत, चाळीसगाव

पांझराभाऊंनी आकडे दिले, मी सुतारकाम देतो.

साहित्य. रॉकवूलचा स्लॅब मागा, ५० मिलिमीटर जाड, घनता ४८ किलो प्रति घनमीटर. ६४ मिळाला तरी चालतो. १००० बाय ६०० हे माप सहज मिळतं, म्हणून फ्रेम त्याच मापाची करा, ४ बाय २ फुटांच्या नादी लागून प्रत्येक स्लॅब कापत बसू नका. एका पॅनेलला दोन स्लॅब, बारा पॅनेलला २४. हे गाण्याच्या सामानाच्या दुकानात महाग पडतं. बॉयलर, भट्टी, कोल्ड स्टोरेज यांचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे विचारा. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत असे लोक असतात, दीपनगरला वीज केंद्राची कामं घेणारे ठेकेदारही. तिथे एक घोळ होतो: ते 'एलआरबी मॅट्रेस' दाखवतील, एका बाजूला कोंबडीजाळी शिवलेली, १०० च्या वर घनतेची. ती गरम पाइपांसाठी असते. जाळी कापड फाडते आणि वजन दुपटीवर जातं. ती घेऊ नका.

लाकूड: पाइनची ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी. एका फ्रेमला १००० मिलिमीटरचे २ तुकडे, ६३८ चे २ (६०० अधिक दोन्ही बाजूंची जाडी), आणि मध्ये पाठीमागून एक आडवी पातळ पट्टी. साधारण साडेबारा रनिंग फूट. बारा पॅनेलला १५० फूट, वाया जाणारं धरून १६०. कोपऱ्यात फेविकॉल आणि दोन-दोन स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर पाइन टोकाला चिरतं. फ्रेम जुळवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सरस सुकायच्या आत दाबून सरळ करा.

कापड: मांजरपाट, खादी, गोणपाट काहीही. परीक्षा एकच, कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. पलीकडे हाताला हवा लागली तर चालेल. रेक्झिन, पडद्याचं रबर लावलेलं कापड, फ्लेक्स बॅनर नापास. ४४ इंची पन्हा घेतला तर एका पॅनेलला १.४ मीटर, बारांना १७ मीटर. मागच्या बाजूलाही स्वस्त मांजरपाट लावा, तंतू खोलीत गळायला नकोत.

क्रम असा: फ्रेम, मागचं कापड, आडवी पट्टी, दोन स्लॅब आत, मग पुढचं कापड. टॅकरनं आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, समोरासमोर ताणत. एकाच कोपऱ्यातून सुरुवात केली की कापडाला तिरकी सळ पडते आणि ती निघत नाही.

स्लॅब कापायला लांब पात्याची सुरी, खाली फळी. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला धुळीचा मास्क, डोळ्यांना चष्मा. काम गच्चीवर करा. अंगाला खाज सुटली तर चोळू नका, गार पाण्यानं धुवा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

एका पॅनेलचं वजन ६ ते ७ किलो भरतं. भिंतीवरच्या दोघांना प्रत्येकी दोन हुक, म्हणजे ४ भोकं. छताच्या दोघांना प्रत्येकी चार अँकर फास्टनर, ८ भोकं. बारा झाली, मालकाच्या हिशोबात बसलं. छताला रावल प्लग आणि लाकडी स्क्रू वापरू नका, खाली माणूस उभा असतो. पंख्याच्या पात्यांपासून निदान दीड फूट लांब. उरलेले आठ भोकाशिवाय: उभ्या खांबांना खाली आडव्या फळ्यांचे पाय, २ फूट लांब, आणि कोपऱ्यातले जमिनीवर उभे करून वर दोरीनं एकमेकांना बांधलेले.

भिंतीवर लावताना पॅनेल चिकटवू नका. मागे २ ते ४ इंच मोकळी जागा ठेवा, लाकडाचे ठोकळे लावून. जागा फुकट मिळते आणि तेच पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतं. हवेचे कण भिंतीला टेकून हलत नाहीत, भिंतीपासून दूर हलतात, आणि रॉकवूल खातं ते त्या हलण्याला. कोपऱ्यात तिरकं लावण्यामागेही हेच आहे, पाठीमागे आपोआप त्रिकोणी पोकळी मिळते.

लाकूड जमिनीला थेट टेकवू नका, रबराची बुटं लावा. आपल्याकडे वाळवी भिंतीतून येते आणि पॅनेलच्या मागे कोणी बघत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

खूप उपयोगी. सगळं रॉकवूल एकदम जमणार नाही. घरी जुन्या गाद्या आहेत, आणि कापूस तर खान्देशात पैशाला पासरी. रुईचं पॅनेल करता येईल का? ढोलकीलाही हीच मांडणी चालेल का?

सरकी_रुई, चोपडा

येतं की. या शास्त्राची सुरुवातच गाद्यांवर झाली. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, तेव्हा १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून टाकल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती सेकंदांनी उतरतो ते मोजलं. वर पांझराभाऊंनी वापरलेलं सूत्र त्यातूनच निघालं.

घनता जुळवा म्हणजे झालं. ३ बाय ६ फुटांची, ४ इंच जाड गादी १० किलो रुईत भरली तर घनता ६० किलो प्रति घनमीटरच्या आसपास येते. रॉकवूलच्या ४८-६४ मध्येच बसली. म्हणजे गादीवाल्याला 'झोपायला नाही, उभी ठेवायची आहे' एवढं सांगून १० किलोची गादी भरून घ्या. जुनी दबलेली गादी फुंकणीच्या परीक्षेत नापास होते, कारण ती २ इंचांवर येऊन फळीसारखी झालेली असते. ती आधी पिंजून घ्या.

अडचणी चार. उभी ठेवली की रुई खाली बसते आणि वरचा फूटभर भाग नुसतं कापड उरतो. म्हणून टाके दाट हवेत, ४-४ इंचांवर, आणि गादी उभी न ठेवता आडवी ठेवून एकावर एक रचता आली तर उत्तम. दुसरं, सरकी राहिलेली रुई घेऊ नका, उंदीर येतातच. तिसरं, पावसाळ्यात ओल धरते, आठवड्याला ऊन दाखवा. चौथं आणि मोठं: आग. कारखान्यात बनणाऱ्या सुती इन्सुलेशनमध्ये बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड मिसळलेलं असतं. घरी पाणी शिंपडून ते साधत नाही, त्यावर विसंबू नका. स्विचबोर्ड, चार्जर, इन्व्हर्टर यांपासून ३ फूट लांब, आणि खोलीत अगरबत्ती-विडी बंद. छताला रुई टांगू नका, तिथे रॉकवूलच.

भोक न पाडता गादी उभी करायची तर १ इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा करा: साडेसहा फूट उंच, ३ फूट रुंद, खाली दोन्ही बाजूंना २ फुटांचे पाय, पायांत वाळू भरून टोकं बंद. वाळू नसेल तर गादीच्या भारानं हमखास कलंडतो. याच सांगाड्यावर दोन गोधड्या ६ इंचांचं अंतर सोडून टाकल्या तर बाजूच्या भिंतीसाठी पुरे. एकच गोधडी ताणून लावली तर फक्त चरचर जाते. झोळ देऊन, चुण्या पाडून टाका.

जंक्शनवाला, भुसावळ

तिसऱ्या तक्रारीवर येतो. गाड्यांच्या गावात राहणाऱ्याला हा विषय झोपेतही येतो.

९ इंची प्लास्टर केलेली भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. तिला हात लावू नका, तिच्यावर पैसा घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गळती दार आणि खिडकीतून आहे. नियम ध्यानात ठेवा: ज्या पृष्ठभागात १ टक्का उघडी फट आहे तो २० डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही, बाकीचा शिशाचा केला तरी. तुमचा दरवाजा ३ बाय ७, म्हणजे २१ चौरस फूट. खाली अर्ध्या इंचाची फट, ती झाली ०.१२५ चौरस फूट, ०.६ टक्के. दरवाज्याची मर्यादा तिथेच २२ डेसिबलवर आली.

दरवाजा: चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी, दार बंद होताना थोडी दाबली जाईल एवढी जाड. कागदाचा तुकडा पट्टीत धरून दार लावा, कागद ओढल्यावर अडला पाहिजे. सहज निघाला तर तिथे पट्टी वाढवा. खाली रबरी झालर. कडी सैल असेल तर पट्टी दाबलीच जात नाही, आधी कडी घट्ट करा. चावीचं भोकही बुजवा.

खिडकी: लोखंडी खिडकीला काचेच्या कडेनं फटी असतातच, पुट्टी गळालेली असते. आधी पुट्टी भरा. मग आतून काढता-घालता येणारं झाकण: १८ मिलिमीटरचा प्लाय, खिडकीच्या कोनाड्यापेक्षा सगळीकडून ५ मिलिमीटर लहान, कडेला सच्छिद्र नसलेली रबरी पट्टी, दोन हँडल. प्लाय आणि काच यांत जितकं अंतर जास्त तितकं चांगलं, ४ इंच तरी. मधल्या पोकळीच्या कडांना रॉकवूलचे उरलेले तुकडे. रेकॉर्डिंग संपलं की झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवा. मालक खूश, वाराही येतो.

ट्रॅक्टरची खालची घरघर यानंही पूर्ण जाणार नाही. वजन दुप्पट केलं की जेमतेम ६ डेसिबल वाढतात, आणि खालचे सूर सगळ्यांत हट्टी. माईकला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर गाळणारी सोय) लावा, बरीच घरघर तिथे कापली जाते आणि गळ्याचं काही बिघडत नाही. बाकी वेळ निवडा. पहाटे ४ ते ६ रस्ताही शांत आणि खोलीही गार.

कूलर. दोन दोष. एक आवाज, तो सगळ्यांना माहीत. दुसरा दमटपणा. बंद खोलीत कूलर चालवून लगेच कंडेन्सर माईक उघडला तर कॅप्सूलवर ओल धरते आणि चुरचुर, फटफट येते, माणूस केबल बदलत बसतो. कूलर खोलीत न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवा, दार उघडं ठेवून तासभर खोली गार करा, बंद करा, १५ मिनिटं थांबा, मग माईक काढा. माईक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

एक इशारा. दार-खिडकी खरंच हवाबंद झाली तर १,२०० घनफुटांत तिघं-चौघं अर्ध्या तासात गुदमरल्यासारखी होतात. दर दोन टेकनंतर दार उघडा. कायमचा उपाय हवा असेल तर व्हेंटिलेटरच्या तोंडावर वळणाचा डबा: १२ मिलिमीटर प्लायची पेटी, आत दोन आडव्या फळ्या अशा की हवेला नागमोडी जावं लागेल, आतून १ इंच ग्लासवूल आणि वर पातळ कापड. हवा वळते, आवाज वळणावर शोषला जातो. वाट मात्र रुंद ठेवा, अरुंद केली की हवेचाच शीळ घातल्यासारखा आवाज येतो.

सूरमळा

जंक्शनभाऊ, एक भर. लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरवर रेकॉर्ड केलं तर जी गुणगुण येते ती खोलीची नसते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गेली तर पॅनेलला दोष देऊ नका, अर्थिंग तपासा. लोक त्यासाठीही फोम चिकटवत बसतात.

पांझरा_धुळे

ढोलकीचं राहिलं. गळ्याची मांडणी तशीच्या तशी ढोलकीला वापरली तर ढोलकी मेलेली वाटते. चाटीची (चढ्या सुराच्या तोंडाची) टणत्कार जमिनीच्या आणि बाजूच्या परतीवर थोडी जगते. तेव्हा वादकाखालचा जमखाना काढा, पाठीमागचा व्ही तसाच ठेवा, बाजूच्या दोन पॅनेलपैकी एक उतरवून भिंत उघडी सोडा. माईक एक ते दीड फुटांवर, दोन्ही तोंडांना सारखा दिसेल असा. धुम्याकडचं (खालच्या सुराच्या तोंडाकडचं) बोट फुगत असेल तर माईक नाही, वादकाला सरकवा, ६-६ इंचांनी, कारण इथेही तेच ९४ आणि ११३ छळतात.

कोरसच्या बायकांना एका ओळीत भिंतीला पाठ लावून उभं करू नका. व्हीच्या पुढे अर्धगोलात, माईकपासून २ फुटांवर. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबल उतरतो आणि खोली तेवढीच राहते, म्हणून एकट्या गळ्याला ६ इंच, कोरसला २ फूट, त्याहून लांब नको. एकट्या गळ्याला ६ इंचांपेक्षा जवळ गेलात तर खर्ज आपोआप फुगतो. तो माईकचा गुण आहे, पॅनेलनं जात नाही.

आणखी एक, टेबल. लॅपटॉपचं टेबल माईकच्या खाली असेल तर तोंडातून निघालेला आवाज टेबलावर आपटून माईकमध्ये जातो. थेट वाटेपेक्षा ही वाट २ फूट लांब असली तर २८२ हर्ट्झला खड्डा पडतो, मग ८४७ ला, असा कंगवाच. 'डब्यातून आल्यासारखा' म्हणता त्यातला बराच भाग हा असू शकतो. टेबल बाजूला, गीताचे कागद स्टँडवर तिरके, आणि स्टँडवर एक जाड टॉवेल. याला एक पैसा लागत नाही, म्हणून पॅनेलची ऑर्डर देण्याआधी हे करून बघा.

तपासणीची पद्धत. आत्ताच, काहीही न लावता, माईक ठरलेल्या जागी ठेवून एक टाळी, एक फुगा फोडणं आणि तीच एक ओळ रेकॉर्ड करून ठेवा. गेन (माईकचा आवाज किती वाढवला ते) तोच ठेवा, जागा जमिनीवर टेपनं खूण करून जशीच्या तशी. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा तेच: आधी टेबल हलवून, मग पाठीमागचे ४, मग बाजूचे, मग छताचे, शेवटी कोपरे. टाळीतली 'टर्रर्र' ही समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींची असते. १० फुटांवर ती दर १७-१८ मिलिसेकंदांना एक ठोका देते. एका भिंतीवर पॅनेल आलं की तेवढ्या पट्ट्यात ती संपते, दोन्ही भिंती भरायची गरज नसते. बाजूचे पॅनेल लावूनही राहिली तर ती जमीन आणि छत यांच्यामधली आहे, जमखाना टाकून पुन्हा टाळी वाजवा.

संगणकावर आलेख पाहायचा असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तुमचा कंडेन्सर आणि बऱ्यापैकी स्पीकर यांवर ढोबळ चित्र मिळतं. मात्र त्यात ११३ ला उंचवटा आणि शेजारी खोल दरी दिसली तर दरी इक्वलायझरनं भरायला जाऊ नका, तिथे आवाज स्वतःलाच खोडत असतो, वाढवाल तेवढा खोडेल. उंचवटा ३-४ डेसिबल बारीक कापला तर चालतं.

बोरीकाठ, अमळनेर

टेबल हलवलं, माईक दरवाज्याच्या भिंतीकडे आणला. दोन फाइल लागोपाठ ऐकल्या, डबा निम्मा गेला. टाळीची टर्रर्र तशीच. आता २४ ऐवजी १६ स्लॅब सांगतो: पाठीमागचे ४, बाजूचे २, छताचे २. कोपऱ्यांत दोन गाद्या.

रंधा_करवत, चाळीसगाव

हिशोब बरोबर, आठ पॅनेलना सोळाच. लाकूड १०० ऐवजी ११० फूट घ्या, कापड साडेअकरा मीटर. एक स्लॅब मात्र जास्त मागवा. वाहतुकीत कोपरा तुटलेला एक तरी निघतो, आणि खिडकीच्या पोकळीला तुकडे लागणारच आहेत. गाद्या कोपऱ्यात ठेवताना भिंतीत अगदी घुसवू नका, तिरक्या लावा आणि कापसाच्या खाली वीट ठेवा.